विश्वास माणसावर, पडताळणी व्यवहाराची

“फादर, मी लोभी आहे का?” मिस्सा आटोपल्यावर एका तरुण मातेने आम्हांला हा प्रश्न केला आणि आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मागच्याच रविवारी प्रवचनात फसवणुकीच्या बातम्यांचा दाखला देऊन ‘हाव सुटली की माणूस फसतो’ असे वाक्य आम्ही सहज टाकले होते. ते नेमके तिच्या काळजात रुतले होते.

तिची हकीकत थोडक्यात अशी. पदरी दोन लहान मुले, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. बाहेर नोकरी करणे अशक्य. मोबाइलवर ‘घरबसल्या काम’ असा संदेश आला. चित्रफितींना पसंतीची खूण करायची, हॉटेलांना तारे द्यायचे. पहिल्या दिवशी १५० रुपये खरोखरच खात्यात जमा झाले. मग ‘वरच्या कामासाठी’ १,००० रुपये भरायला सांगितले. त्याचे १,३०० परत आले. पुढे रकमा वाढत गेल्या. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी आणखी पैसे, असे करता करता बांगड्या गहाण पडल्या आणि ६२,००० रुपये गेले.

हा लोभ आहे काय? लोभी माणूस श्रम टाळून फळ मागतो. ही तर कामच मागत होती. फसवणाऱ्याने हेरली ती तिची हाव नव्हे, गरज. त्या वरच्या ३०० रुपयांमागे काही श्रम नव्हते, हे तिच्या ध्यानात यायला हवे होते, हे खरे. परंतु चुकणे वेगळे आणि अपराध करणे वेगळे. फसलेल्याच्या चुकीवर बोट ठेवून आपण फसवणाऱ्याचा अपराध नकळत हलका करीत असतो.

शिवाय घरी बसून काम करणे ही काही संशयास्पद कल्पना नव्हे. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. केंद्रावरून पीठ न्यावे, घरी पापड लाटावेत, आणून द्यावेत आणि मजुरी घ्यावी, अशी तिथली रीत. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनीही घरीच विड्या वळून संसार सावरले. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. अस्सल काम नेहमी न्याय्यच असते असे नाही. पाने कमी देणे, वळलेल्या विड्या बाद ठरवणे, हे अन्याय त्या धंद्यातही झाले आहेत. तरी तिथे काही गोष्टी स्पष्ट असतात: वस्तू कोणाला तरी हवी असते, पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे वाहतो आणि तक्रार असेल तर ठोठावायला एक दार असते.

फसवणुकीत या तिन्ही गोष्टी उलट्या होतात. कामाचा उपयोग कोणाला, हे सांगता येत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, अनामत अशा नावांनी पैसा उलट दिशेने वाहू लागतो. दाराच्या जागी केवळ एक फोन नंबर असतो. कुठे मजकूर टंकण्याचे काम देऊन चुका काढतात आणि कराराचा भंग झाला म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालतात. कुठे ‘तुमचे बँक खाते तेवढे वापरू द्या’ म्हणतात. त्यातून दुसऱ्याचे लुटलेले पैसे फिरतात आणि खातेदार स्वतःच गुन्ह्यात ओढला जातो. सर्वत्र घाई मात्र सारखीच: आजच भरा, आत्ताच भरा.

मग कोणावर विश्वासच ठेवू नये काय? संत ऑगस्टीनने ३९१ च्या सुमारास श्रद्धेच्या उपयुक्ततेवर लिहिताना एक साधी गोष्ट दाखवून दिली. आपले आईवडील कोण, हेदेखील आपण इतरांच्या शब्दावरच मानतो. विश्वास काढून घेतला तर संसार एक दिवसही चालणार नाही.

यातून वाट संत थॉमस अक्वायनस दाखवतो. माणसाविषयी शंका असेल तर चांगलाच अर्थ घ्यावा, असे तो सांगतो. त्यात आपण अनेकदा चुकलो तरी चालेल, कारण सज्जनाला दुर्जन ठरवण्यात त्याच्यावर अन्याय होतो. परंतु वस्तूंविषयी निर्णय करताना त्या जशा आहेत तशाच पारखाव्यात आणि अपाय टाळायचा असेल तेव्हा वाईटात वाईट शक्यता गृहीत धरावी. हा भेद फार मोलाचा आहे. समोरच्याला मनातून चोर न ठरवताही आपण त्याचा पत्ता विचारू शकतो, कागद मागू शकतो, दोन दिवस थांबू शकतो. प्रामाणिक मालकाला यात अपमान वाटत नाही. ज्याला राग येतो, त्याने उत्तर दिलेलेच असते.

पलीकडच्या माणसाविषयीही एक शब्द. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना डांबून अशी ऑनलाइन फसवणूक करायला भाग पाडले जात असावे. त्यांतील अनेक जण चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलूनच तेथे पोहोचले. गोड शब्द टंकणारा तो हातही कदाचित कामच शोधायला निघाला होता. यामुळे टोळी चालवणाऱ्यांचा अपराध कमी होत नाही. उलट दुप्पट होतो.

आम्ही त्या भगिनीला म्हणालो, “बाई, तू लोभी नाहीस. ते वाक्य आमचे चुकले.” मग तिच्यासोबत बसून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही तक्रार पहिल्या काही तासांत झाली तर पैसे वाटेतच अडवता येण्याची आशा असते. तिने लाजेपोटी अकरा दिवस घालवले होते. पैसे परत आले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही ते वाक्य सर्वांसमक्ष मागे घेतले. त्या आठवड्यात आणखी तिघे जण आमच्याकडे आले. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांतल्या कोणीही तोवर घरी काही सांगितले नव्हते. फसवणाऱ्याचे अर्धे भांडवल ही लाज असते, आणि ती त्याला पुरवणारे आपणच असतो.