दार कोणाच्या हातचे?

वीज गेली तर दाराने उघडावे की बंदच राहावे? प्रश्न वरकरणी कुलूपवाल्याचा दिसतो. मला तो नीतीचा वाटतो. आणि तो सोडविण्याचे काम आपण दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या कुणा पोरसवदा कारागिरावर टाकून मोकळे झालो आहो.

इमारतीच्या दाराशी आता बटणांची पाटी असते. पाहुण्याने घराचा क्रमांक दाबायचा, वर घंटी वाजायची, घरातल्याने आवाज ओळखून बटण दाबले की खाली दार सुटायचे. हे दार पुष्कळदा विद्युत्चुंबकाने धरलेले असते. चौकटीवर चुंबक, फळीवर लोखंडी पट्टी; प्रवाह आहे तोवर सुमारे २८० किलोंच्या जोराने ती एकमेकांस धरून असतात. वाड्याच्या दरवाजाला अडसर होता. तो आतल्या माणसाच्या हातचा. अंधारात, धुरात, घाबरलेल्या म्हातारीनेही चाचपडत सरकवावा असा. चुंबकाचा अडसर तारेच्या हातचा आहे.

म्हणूनच वीज गेली की हे कुलूप सुटते. करणाराने ते तसे केले, यात मला शहाणपण दिसते. पण मग चोराचे काय? म्हणून आपण त्याला बारा व्होल्टची बॅटरी जोडली. आता वीज गेली तरी दार सुटेना. तेव्हा आतल्या बाजूस एक हिरवी डबी बसविली. ती दाबली की बॅटरीसकट सारा प्रवाह तुटावा. भीतीवर उपाय, त्या उपायावर उपाय, आणि अखेर माणसाचा जीव त्या डबीवर!

कारागीर येतो तो चुंबकाचे तोंड पुसतो, कारण धुळीच्या पातळ थरानेही त्याची पकड ढिली होते. पट्टी किंचित हलती ठेवून आवळतो, बॅटरी तपासतो, घरोघर घंटी वाजवून पाहतो. शेवटी डबी दाबावयाची. या कामास मिनिटही लागत नाही, आणि नेमके हेच राहून जाते. (मेंटेनन्स हा शब्द आमच्या सोसायट्यांत कामाचे नाव राहिलेलाच नाही, दरमहा भरावयाच्या, क्वचित थकवावयाच्या, रकमेचे ते नाव आहे.)

आमच्या इमारतीत मुले ती डबी खेळ म्हणून दाबीत आणि दार सताड उघडे राही. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी सुचविले की, आतली तार काढून टाकावी. डबी मात्र तपासणीस येणाऱ्यांसाठी राहू द्यावी. गृहस्थ दुष्ट नव्हेत. त्यांच्या घरी एकदा चोरी झालेली. कारागीर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तार काढायची तर मी डबीपण काढतो. नुसती डबी ठेवणार नाही."

नीतीवरची पुष्कळ व्याख्याने मी ऐकली आहेत, वर्गात दिलीही आहेत. पण इतका नेमका भेद क्वचित कोणी केला असेल. बंद दार कठोर असते, पण ते आपण बंद असल्याचे लपवीत नाही. मेलेली डबी 'इकडून वाट आहे' असे सांगते आणि ज्याला दुसरीकडे धावता आले असते त्याला तिथेच खिळवून ठेवते. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचा जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. कामगारांनी माल चोरू नये, हे त्याचे कारण! १४६ माणसे गेली. बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली. ते कुलूप घालणारालाही कुणाला मारावयाचे नव्हतेच. त्याला कापड वाचवावयाचे होते. रोज डोळ्यांपुढे असणारी भीती ही कधीतरी येणाऱ्या संकटाला अशी मागे सारते. त्या गृहस्थांचा मला राग येत नाही तो यामुळेच. आणि त्यांचे म्हणणे मान्य होत नाही तेही यामुळेच.

आमच्या कमिटीने शेवटी डबीवर एक पारदर्शक झाकण बसविले. ते उचलताच कर्कश भोंगा वाजतो. आठवड्यातून एकदोनदा तो वाजतोच, आणि सर्वांत आधी वाजतो तो तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांच्या कानाशी. ते दुपारच्या झोपेतून उठतात, पोरांना चार शब्द सुनावतात, झाकण लावतात आणि दार पुन्हा नीट धरले आहे की नाही, ते एकदा ओढून पाहतात.