नुसते ओठ हलव

"तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव." सातवीतल्या एका मुलाला मी हे सांगितले, तेव्हा आपण काही वावगे बोललो असे मला मुळीच वाटले नाही. करावे गावातली शाळा, आठ दिवसांवर आलेली समूहगीतांची स्पर्धा, आणि चाळीस गळ्यांत या एकाचा घोगरा सूर काही केल्या मिसळेना. मुलाने मुकाट्याने मान डोलावली. स्पर्धेत त्याने ओठ इतके बेमालूम हलवले, की हाच सर्वांत मन लावून गातो आहे असे परीक्षकांना वाटावे. ढाल आम्हांला मिळाली. छायाचित्रात तोही आहे. हसत मात्र नाही.

पुढे गणपतीत त्याच गावात एका घरी भजनाला जाण्याचा योग आला. 1970 साली सिडको स्थापन झाली, भोवतालच्या शेतांवर नवी मुंबई उभी राहिली. तरी सीवूड्सच्या उंच इमारतींच्या शेजारी करावे आपले गावपण राखून आहे. बुवांनी अभंग उचलला, मंडळींनी ध्रुपद झेलले, आणि पाहतो तो काय, टाळ घेऊन बसलेला तोच मुलगा स्वच्छ सुरात गात होता!

बुवांचा सूर होता काळी एक. वर्गात मी पेटीवर धरीत असे काळी चार, कारण बहुतेक मुलांना ती सोसते. या मुलाचा आवाज फुटू लागला होता. त्या वयात मुलग्यांचे स्वरतंतू लांब व जाड होतात, आवाज खाली उतरतो, आणि काही महिने त्याचा भरवसा नसतो. दोष त्याच्या कानाचा नव्हता. त्याच्या गळ्याला पेलेल असा षड्ज मी त्याला कधी दिलाच नव्हता.

कोणी म्हणेल, गाण्याचीही काही मर्यादा आहे की नाही? एकासाठी एकोणचाळीस जणांचे श्रम वाया का घालवावे? आक्षेप खरा आहे. बेसूर गाणाऱ्याला "वाहवा" म्हणणे ही दया नव्हे, लबाडीच आहे. पण ओठ हलवायला लावणे ही त्याहून मोठी लबाडी. कारण तीत आपण मुलालाच सामील करून घेतो. तिसरी वाट कष्टाची आहे. त्याला पक्क्या सुराच्या मुलाशेजारी बसवावे, आधी ऐकायला शिकवावे, पट्टी बदलून पाहावी, नाहीच जमले तर त्याला खालच्या सप्तकात गाऊ द्यावे. सुराचा भेदच कळत नाही अशी माणसे विरळा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ती शेकडा दीडच भरली. बाकीचे बेसूर बहुधा आपल्या घाईतून जन्माला येतात.

मैफल गाण्यासाठी असते. तिथे निवड हवीच. शाळेतले समूहगान मुलांसाठी असते. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवला म्हणते, बायका तिच्यामागून म्हणतात. कोणाचा गळा गोड आहे याची चौकशी कोणी करीत नाही. 2023 सालापासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपले राज्यगीत आहे. त्यातला 'माझा' हा शब्द एखाद्या मुलाने आवाज न काढता म्हणावा, हे कोणत्या ढालीने भरून निघेल?

मुलांना उत्साह कसा द्यावा, असे नवे शिक्षक विचारतात. मला वाटते, उत्साह मुले घरूनच घेऊन येतात. तो आपण काढून घेतला नाही, तरी पुष्कळ झाले.

गणपतीनंतर मी त्या मुलाला बोलावले आणि चूक माझी होती असे सांगितले. त्याने जरा वेळ माझ्याकडे संशयाने पाहिले. मग हळूच विचारले, "मंग सर, आता खरंच गाऊ?"

मी पेटीवर काळी एक धरली.