होशेयाचे वचन व मत्तय

प्रभूच्या बाळपणीच्या मिसरवासाविषयी लिहिताना मत्तय होशेयाच्या 11 व्या अध्यायातील वचन लावितो. परंतु होशेय तेथे भविष्य सांगत नाही. देवाने इस्राएलास पुत्राप्रमाणे दास्यातून बोलाविले, तरी ते बआलमूर्तींकडे वळले, असे तो दुःखाने म्हणतो. मग मत्तयाने वचनाची ओढाताण केली काय? आम्हांस तसे वाटत नाही. जेथे तो पुत्र चुकला तेथे हा पुत्र आज्ञांकित राहिला, हे त्यास दाखवावयाचे आहे. अरण्यातील परीक्षेत प्रभूने दिलेली तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातलीच, म्हणजे इस्राएलाच्या अरण्यवासाला धरून आहेत. (निवासमंडपाच्या प्रत्येक खुंटीत खूण शोधणे निराळे!) यास्तव उपदेशकाने होशेयाचा तो अध्याय आधी संपूर्ण वाचावा, आठव्या वचनातील देवाचा कळवळा मंडळीस ऐकवावा, आणि नंतर मत्तय उघडावा.