सामान्य खेळाडूचा हक्क

एखाद्या संघाचा यशस्वी हंगाम हा न्यायाच्या बाजूचा पुरावा होऊ शकतो का? एरवी हा प्रश्न कुणी विचारणार नाही. जिंकणारा संघ चांगला खेळला एवढंच जिंकण्यातून कळतं. तो न्याय्य बाजूला होता की नाही, हे स्कोअरबोर्ड सांगत नाही. पण १९४६ सालच्या मॉन्ट्रियल रॉयल्स या बेसबॉल संघाच्या हंगामाकडे गेली जवळजवळ ऐंशी वर्षं असाच पुरावा म्हणून पाहिलं जातं. त्या पुराव्याने नेमकं काय सिद्ध झालं आणि काय सिद्ध करण्याची मुळात गरजच नव्हती, हे मला तपासून पाहायचं आहे.

आधी थोडी ओळख. अमेरिकी बेसबॉलमध्ये दोन मोठ्या लीगच्या खाली ‘मायनर लीग’ची उतरंड असते. या शब्दाला मराठीत काय म्हणावं, यावर अनुवादक म्हणून मी बराच घोळ घातला आहे. ‘गौण’ म्हटलं तर अपमान होतो, ‘दुय्यम’ म्हटलं तर दर्जाचा निवाडा होतो. शेवटी ‘धाकटी लीग’ हा शब्द मला पटला. घरातल्या धाकट्याला मान असतो, लाडही होतात, पण निर्णय थोरल्याच्या हातात असतो. धाकट्या लीगमधले संघही असेच कुठल्या तरी मोठ्या संघाला बांधलेले असतात. त्यांनी खेळाडू घडवायचे आणि ते घडले की वर पाठवायचे. मॉन्ट्रियल रॉयल्स हा ब्रुकलिन डॉजर्सचा सर्वांत वरच्या पायरीवरचा धाकटा संघ होता.

विसाव्या शतकात या संपूर्ण उतरंडीत कुठेही कृष्णवर्णीय खेळाडूला उघडपणे जागा नव्हती. त्यांच्या लीग वेगळ्या होत्या. डॉजर्सचे प्रमुख ब्रांच रिकी यांनी कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला निवडलं आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये ही निवड जाहीर झाली. पुढच्या वसंतात फ्लॉरिडातल्या सराव शिबिरात सॅनफर्ड गावातून त्याला निघून जावं लागलं. जॅक्सनव्हिलमध्ये मैदानालाच कुलूप लावलं गेलं. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीत हंगामाचा पहिला सामना झाला. रॉयल्सने तो १४–१ असा जिंकला. त्यात रॉबिन्सनचे चार हिट होते, त्यातला एक तीन धावांचा होम रन. शिवाय दोनदा त्याने बेस चोरला.

हंगाम संपला तेव्हा रॉयल्सच्या खात्यात १०० विजय आणि ५४ पराभव होते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा ते साडेअठरा सामन्यांनी पुढे होते. रॉबिन्सनची फलंदाजीची सरासरी .३४९, म्हणजे लीगमधली सर्वाधिक. धावा ११३, चोरलेले बेस ४०. त्यानंतर लुइव्हिल कर्नल्सविरुद्ध अंतिम मालिका झाली. लुइव्हिलच्या प्रेक्षकांनी रॉबिन्सनची यथेच्छ हुर्यो उडवली आणि तिथल्या तीनपैकी दोन सामने रॉयल्स हरले. मालिका मॉन्ट्रियलला आली तेव्हा तिथल्या लोकांनी लुइव्हिलच्या खेळाडूंची सव्याज हुर्यो उडवली. रॉयल्सने उरलेले तिन्ही सामने जिंकले. ४ ऑक्टोबरला शेवटचा सामना संपल्यावर गर्दीने रॉबिन्सनला खांद्यावर घेतलं. गर्दीतून कसाबसा सुटून तो रस्त्याने पळू लागला, तरी लोक त्याच्या मागे धावत होते. मॉन्ट्रियलचा पत्रकार सॅम मॉल्टिन याने त्या दृश्याबद्दल लिहिलं, त्याचा आशय असा की, एका काळ्या माणसामागे धावणाऱ्या जमावाच्या मनात जीव घेण्याचा विचार नसून प्रेम असावं, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

गोष्ट इथे थांबवली तर ती फार सुंदर आहे. पण या गोष्टीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग हंगामाच्या आधीचा आहे. रॉयल्सचे व्यवस्थापक क्ले हॉपर हे मिसिसिपीचे. रॉबिन्सनच्या चरित्रांत एक हकीकत वारंवार येते: सराव शिबिरात हॉपर यांनी रिकींना विचारलं होतं की, हा काळा माणूस खरोखर माणूस आहे असं तुम्हाला वाटतं का? हंगाम संपल्यावर त्याच हॉपर यांनी रॉबिन्सनचा हात हातात घेऊन त्याच्या खेळाची आणि सभ्यतेची तारीफ केली. ही हकीकत बहुतेक वेळा हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून सांगितली जाते. ते परिवर्तन खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. मला प्रश्न आणि उत्तर यांच्यातली दरी दिसते. प्रश्न होता, हा माणूस आहे का. उत्तर आलं, .३४९.

.१९९ आलं असतं तर?

सेकंड बेसवर कुणाला उभं करायचं हे ठरवताना फलंदाजीची सरासरी विचारणं अगदी योग्य आहे. खेळ हे निदान एक असं ठिकाण आहे जिथे आकड्यांना त्यांचं रास्त स्थान मिळतं. अन्याय आकडे विचारण्यात नव्हता. जो प्रश्न आकड्यांचा नव्हताच, त्याचं उत्तर आकड्यांकडून मागण्यात होता. इतरांना संघात जागा मिळवायला चांगलं खेळावं लागत होतं. रॉबिन्सनला आपण आणि आपल्यासारखे लाखो लोक त्या मैदानावर यायच्या लायकीचे आहोत, हेही त्याच बॅटने दाखवायचं होतं. बरोबरीच्या पंगतीत बसण्यासाठी आधी वरचढ असावं लागत असेल, तर त्या पंगतीला बरोबरीची म्हणता येत नाही. या जादा ओझ्याची किंमतही त्याने मोजली. हंगामाच्या उत्तरार्धात त्याची झोप आणि भूक उडाली आणि ताणापायी डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला.

यावर एक रोकडा आक्षेप आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. तत्त्व ठीक आहे, पण दार उघडायला कुणीतरी असामान्य माणूसच लागतो. रिकींनी बेताच्या खेळाडूला निवडलं असतं तर दार आणखी दहा वर्षं बंद राहिलं असतं. हे मला मान्य आहे. यश हे साधन म्हणून फार कामाचं असतं. पण साधन आणि आधार यांत फरक करावा लागतो. किल्लीने दार उघडतं. म्हणून घर किल्लीचं होत नाही. रॉबिन्सनच्या हंगामाने लोकांचं मन वळवलं, हक्क निर्माण केला नाही. तो हक्क १७ एप्रिललाही होता, पहिला सामना व्हायच्या आदल्या दिवशी.

आणि पुराव्याने मन वळतंच असंही नाही. लुइव्हिल कर्नल्स हा बॉस्टन रेड सॉक्सचा धाकटा संघ होता. याच रेड सॉक्सनी एप्रिल १९४५ मध्ये बॉस्टनला रॉबिन्सनची चाचणी घेतली होती आणि त्याला घेतलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या धाकट्या संघाला त्याने मैदानावर हरवलं. इतका जवळून मिळालेला पुरावा दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. तरीही रेड सॉक्सच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५९ मध्ये, मोठ्या लीगमधल्या बाकीच्या सगळ्या संघांनंतर. ज्याला पाहायचं नाही त्याला शंभर विजयही दिसत नाहीत. मॉन्ट्रियलच्या प्रेमालाही मर्यादा होती, कारण ते मैदानापुरतं होतं आणि देश मैदानापेक्षा मोठा होता. त्या जल्लोषानंतर पाचच आठवड्यांनी, ८ नोव्हेंबर १९४६ रोजी, कॅनडातल्याच नोव्हा स्कॉशियात व्हायोला डेझमंड या कृष्णवर्णीय व्यावसायिक स्त्रीला सिनेमागृहात गोऱ्यांसाठीच्या भागात बसल्याबद्दल अटक झाली. आरोप ठेवला गेला तो तिकिटावरच्या एका सेंटच्या कराचा.

त्या हंगामात रॉयल्समध्ये आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, हे अनेकांच्या लक्षातही नसतं. जॉन राइट आणि रॉय पार्टलो. दोघेही पिचर. राइट वसंतातल्या शिबिरापासून रॉबिन्सनबरोबर होता. तीच गावं, तीच कुलपं त्याच्याही वाट्याला आली. पण मॉन्ट्रियलमध्ये त्याचा जम बसला नाही. त्याला खालच्या पायरीवर, त्र्वा-रिव्हिएरच्या संघात पाठवलं गेलं. त्याच्या जागी आलेल्या पार्टलोचंही तेच झालं. पुढच्या वर्षी दोघेही डॉजर्सच्या यंत्रणेबाहेर होते. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये परतले होते.

पिचरला खालच्या पायरीवर पाठवणं ही बेसबॉलमधली रोजची गोष्ट आहे. त्या वर्षी किती गोरे पिचर असे खाली गेले असतील, त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. तोच तर मुद्दा आहे. गोरा पिचर अपयशी ठरला की तो एकटा अपयशी ठरतो. त्याच्यामुळे त्याच्या धाकट्या भावाची जागा जात नाही. राइटला हे एकट्याने हरण्याचं स्वातंत्र्य नव्हतं. समतेची माझी व्याख्या अलीकडे याच ठिकाणी येऊन थांबते. असामान्य माणसाला वर जाता येतं का, ही समतेची खरी परीक्षा नाही. असामान्य माणसं काही वेळा भिंतीलाही भगदाड पाडतात. बेताच्या माणसाला बेताचं असूनही जागा धरता येते का, एखादा हंगाम वाया घालवून पुन्हा प्रयत्न करता येतो का, ही परीक्षा आहे.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. चांभार समाजात जन्मलेल्या पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याआधी पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालत होता, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळत असे. संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच दिलं गेलं नाही; ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं. आजही आपल्याकडे ‘गुणवत्ता’ हा शब्द कुणाकडे रोखून वापरला जातो आणि कुणाला कधीच विचारला जात नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि रॉबिन्सन ज्या उन्हाळ्यात बेस चोरत होता, त्याच उन्हाळ्यात, जुलै १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य त्यांनी नोंदवलं आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अर्जात सरासरी नसते. तिथे आम्ही किती चांगले आहोत हे सांगायचं नसतं, आमचं काय देणं आहे ते सांगायचं असतं. त्या उन्हाळ्यात हे दोन मार्ग शेजारी शेजारी चालू होते. इतिहासाला दोन्ही लागले. पण दुसरा नसता तर पहिला नुसताच कौतुकाचा विषय झाला असता.

माझ्या व्यवसायात याची फार सौम्य आवृत्ती पाहायला मिळते. फ्रेंचमधली मध्यम प्रतीची कादंबरी इंग्रजीत आली तर ती केवळ एक मध्यम प्रतीची कादंबरी असते. मराठीतली, कन्नडमधली किंवा संथाळीतली तशीच कादंबरी आली, तर ती त्या भाषेची पातळी ठरते. म्हणून आपण अनुवादासाठी फक्त शिखरं निवडतो. शिखरांनी प्रदेशाची कीर्ती होते, ओळख होत नाही. इथे कुणाच्या जिवावर बेतत नाही, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण सवय तीच आहे.

मग त्या हंगामाचा आनंद मानायचा की नाही? मानायचा, पण खेळाचा आनंद म्हणून. रॉबिन्सनने चोरलेले चाळीस बेस हे कुठल्याही प्रमेयाची सिद्धता नव्हते. ते चाळीस वेळा धाडसाने घेतलेले निर्णय होते, आणि ते पाहायला लोक गर्दी करत होते. मॉन्ट्रियलमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती, जी रेचल रॉबिन्सन पुढे अनेकदा सांगत राहिल्या. हंगामाच्या सुरुवातीला दे गास्पे रस्त्यावर, फ्रेंच बोलणाऱ्यांच्या वस्तीत, त्या भाड्याचं घर पाहायला गेल्या. नकाराची तयारी ठेवूनच गेल्या होत्या. घरमालकिणीने त्यांना आत बसवून चहा दिला आणि सामानसुमानासह घर दिलं. हंगामात अजून काहीच सिद्ध झालं नव्हतं. मला वाटतं, हॉपर यांच्या प्रश्नाचं योग्य उत्तर त्या चहाच्या कपात होतं.

आणि राइट, पार्टलो? ते गेले त्या त्र्वा-रिव्हिएरच्या संघानेही १९४६ मध्ये आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं, दोघांच्या पिचिंगच्या साथीने. तोही धाकट्या लीगमधला यशस्वी हंगामच होता. त्याच्यावर चित्रपट निघाले नाहीत, त्याने कुणाचं मत बदलल्याची नोंद नाही. एका छोट्या गावात काही माणसं चांगली खेळली, जिंकली आणि घरी गेली. यशाकडून याहून जास्त काही मागावं लागणार नाही, अशा दिवसाची वाट पाहायला हरकत नाही.