खचलेली पायरी

बागेत उतरणारी लाकडी पायरी खचली की आपण तिच्यावर नवी फळी ठोकतो, रंग देतो. पण लाकूड कुजते ते खालून. मातीला टेकलेली फळी पावसाळाभर ओली राहते. ओल 20 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी लाकूड पोखरू लागते. खालची भुसभुशीत माती दबते आणि पायरी खचते. म्हणून पायरी काढावी, माती खणून खडी ठोकून बसवावी, वर सपाट दगड ठेवावा आणि दगडावर नवे लाकूड.

प्रश्न खर्चाचा वाटतो, पण तो नीतीचा आहे. पायरी कच्ची आहे हे आपल्याला ठाऊक असते, आपण जपून उतरतो. दूधवाल्याला, पाहुण्या आजीला ते ठाऊक नसते. पायरी तशीच ठेवणे ही हयगय. रंगाने झाकणे ही मात्र फसवणूक, कारण मग त्यांचे डोळेही त्यांना सावध करीत नाहीत. कुणी पडून जीव गेल्याचा दोष घरावर येऊ नये म्हणून धाब्याला कठडा बांधा, असा नियम अनुवाद ग्रंथाच्या 22 व्या अध्यायात आहे. धोका ज्याला ठाऊक, जबाबदारी त्याची. दुरुस्ती होईपर्यंत निदान पायरीपुढे आडवी काठी तरी बांधूया.