इबोगा: दर्शन की द्रव्य?

मध्य आफ्रिकेतील गॅबॉनमध्ये ब्विती पंथाच्या दीक्षाविधीत इबोगा या झुडपाच्या मुळाची साल खातात. ती खाणाऱ्याला पूर्वजांचे दर्शन घडते, अशी श्रद्धा आहे. याच सालीतील इबोगेन १९६२ मध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन तरुणाने घेतले. अंमल उतरल्यावर हेरॉइनची ओढ आणि ते सोडतानाच्या यातना, दोन्ही नाहीशा झाल्याचे त्याला आढळले.

मग माणूस मुक्त होतो तो दर्शनाने की द्रव्याने? २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी भास न घडवण्याच्या हेतूने टॅबरनॅन्थॅलॉग हे इबोगेनसदृश द्रव्य बनवले. प्रयोगातील उंदरांची हेरॉइनची ओढ त्याने घटली. हा पुरावा द्रव्याच्या बाजूचा, पण अपुरा आहे. सरलेल्या आयुष्याचा हिशेब मांडणे, दुखावलेल्यांची आठवण होणे, बिरादरीने पुन्हा जवळ घेणे, हे उंदरांवर तपासता येत नाही. ब्वितीच्या विधीत मात्र अशा गोष्टींना महत्त्व असते.

तरीही इबोगेनमुळे हृदयाची लय बिघडून मृत्यू झाले आहेत. दर्शनाच्या आग्रहापायी सुरक्षित औषध नाकारणे क्रूरपणाचे ठरेल. अशा औषधाच्या नफ्यात गॅबॉनच्या ज्ञानधारकांचाही वाटा हवा. लाभवाटपाचे हे तत्त्व २०१० च्या नागोया करारात मान्य झालेले आहे.