पाणी धरताना

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. मनात जे काही चाललंय ते चालू द्या, ते थांबवायची घाई आज नको.

आता उसाच्या रानात चला. वेळ रात्रीची, कारण शेतीपंपाला लाईट बरेचदा रात्रीच मिळते. दारं धरायला आलेला माणूस पोटरीभर चिखलात उभा आहे, हातात फावडं. एक सरी भरत आली की तो माती ओढून तिचं तोंड बंद करतो आणि पुढच्या सरीचं फोडतो. पाणी जरा अडखळतं, पालापाचोळा पुढे सारतं आणि नव्या वाटेला लागतं. त्याला ढकलावं लागत नाही, रानाला उतार आहेच. हे थोडा वेळ नुसतं बघत राहा. कोरडी माती काळी पडत जाते. भेगेत पाणी शिरलं की बुडबुडे वर येतात.

आता स्वतःच्या आत जे जोरात वाहतंय तिकडे या. राग असेल, धास्ती असेल, नाहीतर उतू जाणारा हुरूप. आपण त्याला एकतर बांध घालतो, नाहीतर मोकाट सोडतो. तुंबलेलं कुठून तरी फुटतं आणि मोकाट सुटलेलं वरची कसदार माती घेऊन जातं. म्हणून मला वाटतं, रागाला गप्प बसवण्यापेक्षा त्याला काम द्यावं. 1848 साली मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव फुल्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी पुण्यात, भिडे वाड्यात, त्यांनी मुलींची शाळा काढली. त्या धगीतलं किती त्या शाळेत उतरलं असेल, यावर जरा थांबा.

काम द्यायचं, तर त्याची पाळीही ठरवावी लागते. धुळ्याकडे पांझरा नदीच्या काठी पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आहे. तिथे मनाला येईल तेव्हा कुणी पाणी घेत नाही, पाणी सोडणारा पाटकरी ते पाळीनं देतो. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचं पीकही एकच.

तुमच्या आजच्या पाळीत कोणतं रान आहे? एकच निवडा. अडलेला अर्ज असेल, भावाला करायचा फोन असेल, महिन्याचा राहिलेला हिशेब असेल. मध्येच दुसरं काहीतरी पाणी मागेल. त्याला त्याची पाळी सांगा, उद्याची किंवा परवाची, पण नक्की सांगा.

आता उठा आणि अर्ज निवडला असेल, तर त्याची पहिली ओळ लिहून टाका.